राखाडी अक्षरं

जयमालाला वेबसाइटचं ते पान तोंडपाठ होतं. पाठ करण्यावाचून इलाजच नव्हता. भिंतीवर पडद्याइतकं मोठं करून दाखवलं, तरी तिला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

चिंचवडच्या त्या छोट्या कचेरीत ती कित्येक वर्षं वेबसाइटी बनवत होती. रंग निवडावेत तर जयमालाताईंनीच, असा तिचा लौकिक. पण अलीकडे नजर कडेकडेनं विझत चालली होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "हे थांबायचं नाही. नळीतून पाहिल्यासारखं होत जाईल. फिकं आधी दिसेनासं होईल." ही गोष्ट तिनं फक्त आईच्या कानावर घातली होती. रंगाचं काम करणाऱ्या बाईची नजर गेली म्हटल्यावर तिला कामावर कोण ठेवणार? स्वतःच्या संगणकावर ती अक्षरं भाकरीएवढी करून घेई. माउसचा बाण सापडत नसे, म्हणून सगळं बोटांनी कीबोर्डवरच चालवी. पोरं म्हणत, "ताई, काय स्पीड आहे राव!" ती नुसती हसे.

काम आलं होतं एका संग्रहालयाचं. महाळुंग्याला बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये जुन्या कामगारांनी मिळून ते उभं केलेलं: लेथ, पत्रा दाबायचे हातप्रेस, शिफ्टचा भोंगा, हजेरीचे पितळी बिल्ले. त्यांचे म्होरके अण्णासाहेब, चऱ्होलीचे, सारी हयात युनियनमध्ये गेलेली. वेबसाइटच्या पहिल्या पानावर त्यांना एकच फोटो हवा होता. शिफ्ट सुटताना फाटकातून बाहेर पडणारी माणसं, खालपासून जवळजवळ वरपर्यंत नुसते चेहरे, आणि वर थोडं पांढरट आभाळ.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून फोटोवर काळी पट्टी टाकली, तर म्हातारा कडाडला होता. "माझ्या माणसांच्या तोंडावर पट्टी? ती काय चोर हायेत व्हय?"

मग कचेरीच्या मालकानं, अनिशनं, तोड काढली. बारीक, राखाडी अक्षरं त्या आभाळावर तरंगत ठेवायची. दिसायला झकास. जयमाला एकदाच म्हणाली होती, "जरा फिकं होतंय का?"

"तुम्हाला फिकं दिसतंय, ताई?" अनिश हसला होता. "चष्मा बदलायला झालाय वाटतं."

त्या दिवसापासून तिनं तोंड शिवून घेतलं.

अण्णासाहेबांच्या मंडळाची एक रीत होती, युनियनच्या दिवसांपासूनची. ठराव असो की हिशेब, आधी सभेत मोठ्यानं वाचायचा आणि मगच मंजूर करायचा. वेबसाइटलाही तोच कायदा. पान जिनं बनवलं, तिनंच ते वाचायचं.

मंडळी कचेरीत आली. खुर्च्या भरल्या. भिंतीवर प्रोजेक्टरचा झोत पडला आणि जयमालासमोर नुसतं पांढरं धुकं पसरलं. कुणी मध्येच म्हणालं, 'ताई, तिसरी ओळ पुन्हा वाचा', तर? कुणी बोट दाखवलं तर? तिनं भिंतीकडे तोंड केलं, डोळे एका जागी रोवले आणि वाचल्यासारखं बोलू लागली. संग्रहालय कुणी उभं केलं, कधी उघडं असतं. "...महामार्गाकडच्या पुढच्या फाटकाने आत यावे. सर्वांचे स्वागत आहे."

लगेच टाळ्या.

"ब्येस!" अण्णासाहेब म्हणाले. "च्या घेऊ आणि मंजूर करू."

जयमालाचा जीव भांड्यात पडला. चहासाठी सगळे बाहेर गेले. तेवढ्यात तिच्याबरोबर काम करणारा सिद्धेश जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही जुनं वाचलंत."

ती त्याच्या आवाजाकडे वळली.

"सकाळी संग्रहालयातून फोन आला होता. पुढच्या फाटकाशी गटारासाठी खोदलंय, मोठा खड्डा आहे. मागच्या फाटकानं यावं, असं मी बदललं. तुम्हाला सांगायचं राहिलं." तो घुटमळला. "पण भिंतीवर तर नवंच होतं. तुम्ही बघून वाचत होतात ना?"

तिनं चाचपून खुर्ची जवळ ओढली.

"जाऊ द्या, कुणाच्या लक्षात नाही आलं," सिद्धेश म्हणाला आणि तोही बाहेर गेला.

कुणाच्या लक्षात नाही आलं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. आता गप्प बसायचं, बस्स. ती खुर्चीचा हात धरून बसली, पण ते वाक्य काही डोक्यातून हलेना. खोलीभर माणसं भिंतीकडे बघत होती. भिंतीवर एक लिहिलेलं आणि ती बोलली भलतंच. तरी कुणी हूं की चूं केलं नाही. म्हणजे वाचत कुणीच नव्हतं. वाचता येतच नव्हतं! उद्या हे पान उघडून, पण मागच्या फाटकाचं काही वाचता न आल्यानं, कुणी म्हातारा कामगार नातवाचा हात धरून पुढच्या फाटकाशी जाईल. खड्डा तिथं तोंड वासून असेल. आणि पान मात्र देखणं.

मंडळी परतली. अण्णासाहेबांनी खाकरून घसा साफ केला. "तर मग मंजूर—"

"थांबा," जयमाला म्हणाली. ती उभी राहिली. "अण्णासाहेब, शेवटची ओळ तुम्ही वाचता का?"

"म्या? चष्मा गाडीत ऱ्हायला."

"नाकावर आहे तुमच्या," मागून कुणीतरी म्हणालं. खसखस पिकली.

म्हातारा ओशाळला. "मोतीबिंदू हाय मला. म्हणलं आपलेच डोळे खराब, उगा कशाला बोला. बाकीच्यांना दिसत आसंल."

बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी होय म्हणेना.

"मलाही दिसत नाही," जयमाला म्हणाली. "मी पाठ केलेलं बोलले, आणि चुकीचं बोलले. माझी नजर जातेय. आता अर्ध्यावर आलीय."

कुठं तरी कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. अनिशचा चेहरा तिला दिसत नव्हता, तो खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून उभा होता. ती भीतीनं बोलतच राहिली, कारण थांबली असती तर रडलीच असती. "फोटोला हात लावायचा नाही. त्याच्यावर काहीच लिहायचं नाही. त्याच्या कडेला जुनेपणाचा काळपट तपकिरी रंग चढलाय, तोच फोटोखालच्या जागेला द्यायचा आणि त्यावर सायीसारखी ठळक, मोठी अक्षरं. फोटोच खाली उतरून आलाय असं वाटेल. आणि ज्याला फोटो दिसतच नाही त्याच्यासाठी, कोण कुठं उभं आहे ते शब्दांत लिहायचं. त्याचा फोन ते वाचून दाखवेल."

अण्णासाहेबांनी भिंतीजवळ जाऊन फोटोच्या मधोमध बोट ठेवलं. "मधी यशोदाबाई हाय," ते हळूच म्हणाले. "प्रेसवरची पहिली बाई. पदर खोचलेला. त्ये बी लिवा."

"लिहू."

"मग मंजूर. पर पुन्यांदा वाचायचं, आणि या टायमाला आमी वाचू."

मंडळी पांगली. अनिश दाराशी थांबला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

तो दाराची कडी चाळवू लागला, आणि तेच उत्तर आहे असं तिला वाटून गेलं. मग तो म्हणाला, "यापुढं रंग सिद्धेश बघेल. तुम्ही प्रत्येक साइट नजर कमी असलेल्याला वापरता येते का ते तपासायचं. या आमच्या पोरांना ते कळत नाही. मलाही कळलं नाही."

"आणि नजर पुरतीच गेली की?"

"मी उगाच शब्द देत नाही, ताई. पुढचं मलाही माहीत नाही."

रंग गेले. एका वाक्यात गेले. भीती जागची हलली नव्हती, फक्त आता ती तिच्या एकटीची नव्हती. जयमालानं डोळे पुसले आणि सिद्धेशच्या टेबलाकडे चाचपडत गेली. या वेळी ते चाचपडणं तिनं लपवलं नाही.

"तो तपकिरी उघड," ती म्हणाली. "मला दिसतोय तोवर नीट लावून घेऊ."