चौदाव्या भागातली पेटी

खरं सांगू? हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. म्हटलं, उगाच गठ्ठेकाकांची अब्रू चव्हाट्यावर कशाला आणा! पण तेच म्हणाले, "लिही. फक्त मला शहाणा करून लिहू नकोस." म्हणून लिहितोय.

तर त्या सोमवारी सकाळी गठ्ठेकाका बसमध्ये पुस्तक वाचत होते, आणि त्यांचा स्टॉप कधी मागे गेला ते त्यांना कळलंच नाही.

पुस्तकच तसं होतं. लंगड्या इन्स्पेक्टरच्या मालिकेचा चौदावा भाग. वीस वर्षांपूर्वी एक मुलगा गायब झालेला, पोलिसांनी हात टेकलेले, घरच्यांनी आशा सोडलेली. आणि आता हा लंगडा काठी टेकत तळघरात उतरतो, धूळ खात पडलेली पेटी उघडतो, फाईलची गाठ सोडतो. आत एका पाकिटात लाँड्रीची चिठ्ठी असते. वीस वर्षं तिच्याकडे कुणी नीट बघितलेलंच नसतं.

इथे काकांच्या अंगावर काटा आला. कारण काका स्वतः पोलीस स्टेशनात रेकॉर्ड सांभाळायचे. उभी नोकरी फायलींचे गठ्ठे बांधण्यात गेली, म्हणून तर नाव पडलं गठ्ठेकाका. आणि अगदी तशीच एक फाईल त्यांच्या रॅकवर होती. शिलाईवाल्या ताईंच्या भावाची.

ताईंचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना, सायकलचं पंक्चर काढून आणतो म्हणून भर दुपारी घराबाहेर पडला, तो परत आलाच नाही. त्याला बावीस वर्षं झाली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताई दुकान बंद ठेवून स्टेशनात यायच्या, काही कळलं का म्हणून विचारायच्या. साहेब बदलायचे, उत्तर तेच. नऊ वर्षांपूर्वी असंच एकदा साहेबांना यायला उशीर झाला. बाई बाकावर बसून बसून अवघडल्या, तेव्हा काकांनी ड्रॉवरमधला लंगड्याचा पहिला भाग त्यांच्या हातात ठेवला. झालं! बाईंना चटकच लागली. आधी काका वाचणार, मग ताई. शेवट फोडायचा नाही, हा दोघांचा कायदा.

"भाऊ, तुमचा लंगडा अगदीच बावळट हो," सहावा भाग परत देताना ताई म्हणाल्या होत्या. "चाळिसाव्या पानावर सरळ लिहिलंय, कोटाची बटणं डावीकडे. म्हणजे कोट बाईचा. एवढं कळायला त्याला दोनशे पानं लागली?"

"तुम्हाला घ्यायला पाहिजे होतं आमच्या खात्यात."

"घेतलं असतं तर सगळ्यांचे युनिफॉर्म तरी मापाचे दिसले असते!"

आणि आता शुक्रवारी साहेबांच्या जागी नव्या मॅडम हजर झाल्या होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, "काका, सोमवारी त्या बाई आल्या की फाईल घेऊन या. मी पहिल्या पानापासून वाचणार आहे." बावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. रॅक कुठला, खण कुठला, काकांना डोळे मिटून माहीत. त्यामुळे शोधायची घाई त्यांनी केली नव्हती.

पुढच्या स्टॉपवरून धापा टाकत उलटे चालत आले, थेट रेकॉर्डच्या खोलीत गेले. खणात फाईल नव्हती. वरच्या खणात बघितलं, खालच्या खणात बघितलं. तासभर धूळ खाल्ल्यावर त्यांनी नष्ट केलेल्या फायलींचं रजिस्टर भीत भीत काढलं.

चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटरसाठी खोली रिकामी करायची होती. तीन दिवसांत हजारभर जुन्या फायली काढून टाका, असा हुकूम होता. ज्या केसचा तपास बाकी, ती फाईल कधीच टाकायची नसते. पण तो शिक्का असतो आतल्या पानावर. पहिले दोन दिवस काकांनी प्रत्येक फाईल उघडून बघितली. तिसऱ्या दिवशी मान धरली, डोळे चुरचुरायला लागले, आणि ते नुसतं कव्हरवरचं साल बघून यादी करत गेले. सगळी पोती कागदाच्या लगद्याला गेली.

नंबर चारशे सतरा, ताईंच्या भावाची फाईल. अक्षर काकांचंच, छान वळणदार. खाली सही.

आणि त्यानंतरची चार वर्षं दर महिन्याला ते ताईंना सांगत होते, "फाईल आहे ना माझ्याकडे. काळजी करू नका."

"अहो, सांगा की वर पाठवलीय," दारात आलेला हवालदार रजिस्टर बघून म्हणाला. "वर म्हणजे कुठे, हे आजवर कुणी विचारलंय का?"

"त्या विचारतील. त्या बटणं बघणाऱ्या आहेत."

"काका, सात महिने राहिलेत रिटायरमेंटला. गप्प बसा."

अकराला ताई आल्या. नेहमीच्या साडीत नव्हत्या, चांगली इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. मॅडमनी शनिवारी स्वतः फोन केला होता त्यांना.

"मॅडम कोर्टात गेल्यात. येतील तासाभरात," काका म्हणाले. "ताई, आत या. बसा."

ताई बसल्या. "काढली फाईल?"

हवालदार दारातून डोळ्यांनी खुणावत होता. काकांनी उठून दार लावलं.

"फाईल नाही, ताई."

"वर पाठवली?"

एवढी सोपी वाट बाईंनी स्वतःच पुढे करून दिली होती. काका क्षणभर त्या वाटेकडे बघत राहिले.

"नाही. माझ्याकडूनच गेली. चार वर्षांपूर्वी. न उघडता टाकून दिली मी." रजिस्टर त्यांनी ताईंपुढे सरकवलं. "ही माझी सही."

ताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बोटाला शिवताना घालायच्या अंगुस्तानाचा वळ होता. बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही.

"फोटोपण?"

"फोटोपण."

"एकच फोटो होता तो, भाऊ. दुसरा काढलाच नव्हता त्याने."

काकांनी पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही तक्रार करा माझी," ते म्हणाले. "मी लिहून देतो. मॅडमनाही सांगणार आहे."

"तुमची तक्रार करून मी काय करू? तो सापडणारे का त्याने?" ताईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला सांगायचं तरी होतंत. दर महिन्याला काळजी करू नका, काळजी करू नका..."

"मला आज कळलं. बघितलंच नव्हतं मी. आहेच म्हणून धरून चाललो होतो."

"मीपण." ताई म्हणाल्या. मग सरळ बसल्या. "कागद घ्या. परत लिहा. मी सांगते."

काकांनी कोरा फॉर्म काढला. ताई सांगत गेल्या, काका लिहीत गेले. नाव. वय. निळा शर्ट, मीच शिवलेला, खिसा जरा तिरका. दोन वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडला.

"उंची?"

"माझ्याहून... वीतभर जास्त. नाही. चार बोटं."

"काही खूण?"

"गुडघ्यावर जखमेचा व्रण. झाडावरून पडला होता."

"कुठल्या गुडघ्यावर?"

ताईंनी एकदा डाव्या गुडघ्याला हात लावून बघितला, एकदा उजव्या.

"फाईलमध्ये होतं ना," त्या अगदी हळू म्हणाल्या. "फाईलमध्ये आहे म्हणून मी लक्षातच ठेवलं नाही, भाऊ."

काकांनी ती जागा मोकळी सोडली.

निघताना ताईंची नजर टेबलावरच्या पुस्तकाकडे गेली. "नवा भाग?"

"हा नका नेऊ. यात..." काका अडखळले. "यात पेटी उघडतात. हरवलेल्या मुलाची."

"सापडतो?"

नऊ वर्षांचा कायदा काकांनी मोडला. "सापडतो. पण जिवंत नाही."

ताईंनी पुस्तक उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि पिशवीत टाकलं. "सापडतो ना. मग वाचते."

दाराशी जाऊन त्या थांबल्या. "आठवेल तसं मी सांगत जाईन. लिहून घ्याल?"

"घेईन, ताई."

"रिटायर झालात तरी?"

"तरी. घरी या, नाहीतर मी दुकानात येईन. दर सोमवारी." काकांनी फॉर्मवर तारीख घातली. "आणि यापुढे दोन प्रती करीन. एक तुमच्याकडे राहील. शब्द देतो."