पप्पूदादाचे अकरा हजार फोटो

माधवी मॅडमचा फोन आला तेव्हा चार वाजले होते. "अगं अपेक्षा, तुझी निवड झालीय आणि तू साधं उत्तर देत नाहीस? तीनदा मेल केला, तिन्ही परत आले. खातं भरलंय तुझं. पाचच्या आत विद्यापीठाच्या मेलवरून तुझा होकार गेला नाही, तर दुसऱ्या मुलीला घेतील."

निवड म्हणजे पुण्यातल्या प्रयोगशाळेत दोन महिने काम. अख्ख्या कॉलेजातून एकच जण. त्यासाठी वर्षभर मी मॅडमच्या मागे भुणभुण लावली होती.

खातं उघडलं. अकरा हजार फोटो. कणीस खाणारी जोडपी, घोड्यावर रडणारी पोरं, दरीकडे पाठ करून हात पसरलेले काका. माझा एकही नाही. माझा मोठा भाऊ पप्पूदादा लोणावळ्याच्या पॉइंटवर पर्यटकांचे फोटो काढतो. विद्यापीठाच्या खात्यात जागा भरपूर असते, असं त्याला कुणीतरी सांगितलं आणि त्यानं माझा पासवर्ड मागितला. मी नको म्हणत होते. आई म्हणाली, "दे की, घरातलाच हाय." आमच्यात माझं असतं ते सगळं घरातलं, आणि दादाचं ते दादाचं.

त्याला फोन लावला. "दादा, खातं भरल्याच्या सूचना आल्या नव्हत्या?"

"आल्यात्या की. रोजच यायच्या, म्हनून उडवल्या."

"माझे मेल परत गेले."

"त्यात काय एवढं? परत पाठवा म्हनावं."

"पाचपर्यंतच मुदत हाय. मी फोटो पुसतीय."

"येडी का तू? रविवारची गिऱ्हाइकं फोटोंसाठी अजून थांबलीत, कॅमेऱ्यातले तर मी कवाच पुसलेत. घरी आल्यावर कॉपी करतो, तवर हात लावू नको."

"मग आत्ता ये."

"धंदा सोडून?" त्यानं फोन ठेवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी आधी जुनेच पुसले, लोकांना कधीच पोचलेले, तेही कचरापेटीसकट. पण विद्यापीठानं यंदा जागा आखडून घेतली होती, खातं भरलेलंच. फोनमध्ये उतरवत बसले असते तर दिवाळी उजाडली असती. आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आगं, त्याच्या पोटावर पाय नको दिऊस."

"आन् माझ्या पोटावर कुणाचा पाय हाय, ते बघितलंस का?"

ती परत सुपात बघू लागली.

शेवटी रविवारचे राहिले. हळदीच्या अंगानं आलेलं एक जोडपं होतं, नवरी दातांत ओठ धरून हसू दाबत होती. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण माझ्यासाठी या घरात कुणाला वाईट वाटलं होतं? पुसले. कचरापेटीही पुन्हा रिकामी केली, त्याशिवाय जागा होत नाही. मॅडमना कळवलं. पाचला दहा मिनिटं असताना मेल आला. दोन ओळींचा होकार पाठवला आणि लगेच पासवर्ड बदलला.

संध्याकाळी दादा दारातूनच ओरडत आला. "रविवारच्या लोकांस्नी मी आता काय सांगू?"

मी पुण्याला न्यायची बॅग शोधत होते. मान वर न करता म्हटलं, "त्यात काय एवढं? परत या म्हनावं."