डावा पाय, अर्धा इंच

"ही पँट कुणी शिवली?" डॉक्टरीणबाईंनी मागून विचारलं.

कटरमास्तर भिंतीकडे तोंड करून उभे होते. आजवर चार डॉक्टर झाले, पण पँटची चौकशी कुणी केली नव्हती. दोन वर्षं जांघेत, पार आतवर, कळ होती. रिपोर्ट एकजात चांगले. आणि दर चांगल्या रिपोर्टगणिक मास्तरांची भीती वाढायची. सापडत नाही म्हणजे मोठंच काही असणार. बायकोला त्यांनी 'पोट बिघडलंय' म्हणून सांगितलं होतं. पोट बिघडलेला माणूस दोन्ही वेळा पोटभर कसा जेवतो, हे तिने विचारलं नाही; नुसती वाढत राहिली.

"मीच. दुकानात कटिंग माझंच. सव्वीस वर्षं."

"डावा पाय आखूड केलाय. अर्धा इंच तरी."

मास्तरांचे कान तापले. "जमिनीला घासायचा. उसवून दुमडला, दोनदा. हात चुकतो आताशा."

"हात नाही चुकला, मास्तर. तुम्ही डावीकडे कलला आहात."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कमरेवरच्या मणक्यावर अंगठा दाबला. कळ थेट जांघेत उतरली. तीच, ओळखीची.

"नस इथे दबलीय, दुखतंय तिकडे."

"म्हणजे गाठबीठ नाही?"

"रिपोर्टांत तरी नाही. एमआरआय काढू. तोवर वाकणं बंद. पाय लुळा पडला, लघवी अडली, तर त्याच क्षणी इथे. उद्या बघू म्हणायचं नाही."

एक भीती उतरली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. न वाकता कापड कापणारा कटर मास्तरांनी पाहिला नव्हता.

बाहेर बाकावर बायको होती. मास्तरांनी आवाज खाली आणला आणि दुखतं कुठे, ते पहिल्यांदा सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली. "दोन वर्षं तोंड फिरवून झोपता. मला वाटलं, दुसरी कुणी आहे."

"ही पाठ घेऊन?"

ती हसली नाही.

दाराशी मास्तर सवयीने बुटाच्या नाडीकडे वाकू लागले आणि अर्ध्यात थबकले. ती खाली बसली. बाकावरची माणसं बघत होती. आयुष्यभर लोकांच्या घोट्याशी टेप धरलेल्या मास्तरांनी पाय पुढे केला.

तिने बांधलेली गाठ सैल बसली होती. मास्तरांनी ती तशीच राहू दिली. तिच्या खांद्यावर हात ठेवून जपून चालू लागले.