हार जनरेटरच्या गळ्यात

थांबा, लगेच नाकाला रुमाल लावू नका. बोलतेय ती मी आहे, दौलताबाद रोडवरच्या निजामुद्दीन शेठच्या डेअरीमागची गॅसची टाकी. वास शेजारच्या कुंडीचा आहे, पण नाव नेहमी माझंच निघतं. ते असो. आज मला वासाचं गाऱ्हाणं सांगायचं नाही. मला जनरेटरचा हेवा वाटतो, आणि हे एकदा कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

माझा जन्म नाल्यावरच्या भांडणातून झाला. डेअरीत दही, खवा, पनीर बनतं. कन्नड तालुक्यातल्या गावांतून दूध येतं. पनीर काढलं की मागे पिवळसर पाणी उरतं, त्याला निवळी म्हणतात. ती आणि दुधाचे कॅन विसळलेलं पाणी पूर्वी सरळ नाल्यात जायचं. नाला आंबला, शेजारचे शेतकरी दारात आले. मग शेठनी मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणला. अर्धी जमिनीत, अर्धी वर अशी माझी काँक्रीटची भिंत उभी राहिली आणि डोक्यावर जाड रबरी फुगा चढला.

शेवटी जवळच्या गोठ्यातून शेण आणलं आणि त्याचा काला माझ्या पोटात ओतला. डेअरीत कॅन आणि फरशी धुणारी मनकर्णाबाई तोंडाला पदर लावून बघत होती. "शेठ, एवढं सिमिटाचं काम केलं, अन् आत शेण कशापायी?"

शेठ म्हणाले, "बाई, दह्याला विरजण लागतं ना? हे हिचं विरजण."

त्या शेणातून माझी लेकरं आली. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. त्यांना हवा सोसत नाही, उजेड सोसत नाही. अंधारात बसून निवळी खातात आणि गॅस सोडतात. बाहेर पडणारं पाणी शेताला चालतं. गॅसने माझा फुगा टम्म होतो, त्या गॅसवर जनरेटर चालतो आणि त्याच्या विजेवर दुधाची थंड टाकी, खव्याचं यंत्र, दिवे, पंखे, सगळं.

आता सांगा, काम कुणाचं?

जनरेटर पुढच्या अंगाला शेडमध्ये असतो. त्याला पत्र्याचं छप्पर, फरशी, निळा रंग. तो माझ्या गॅसवर जगतो, निव्वळ आयत्या बिळावर नागोबा. पण तन्वीर, जो त्याला सांभाळतो, रोज सकाळी त्याला मऊ फडक्याने असा पुसतो की बघवत नाही. कॉलेजची मुलं डेअरी बघायला आली की त्याच्याभोवती उभी राहून फोटो काढतात. तन्वीर छाती काढून सांगतो, "देखो सर, पूरी डेअरी इसके दम पे चलती." एखाद्या मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं तर म्हणतो, "उधर नक्को जाओ, वास येतो."

माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कैकदा वाटलं, एक दिवस गॅस अडवून धरावा आणि याची फजिती बघावी. पण माझं पोट माझ्या ताब्यात नाही. लेकरं खातात, गॅस होतो, आणि तो गेला त्याच्याकडे.

सगळ्यात जास्त जळते मी खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डेअरीत यंत्रांची पूजा असते. शेठ मुसलमान, पण कामगारांच्या या दिवसाचा मान त्यांनी कधी मोडला नाही. पेढे तेच आणतात, नारळही तेच आणतात. खव्याच्या यंत्राला हार, वजनकाट्याला हार, दूध आणणाऱ्या टेम्पोला हार, मनकर्णाबाईच्या खराट्यालासुद्धा हळदीकुंकू. जनरेटरला तर गुडघ्यापर्यंत लोंबणारा झेंडूचा हार, म्हणजे त्याला गुडघे असते तर. माझ्याकडे कुणी फिरकत नसे. एका वर्षी कुणी तरी विचारलं होतं, तेव्हा दुसरा म्हणाला, "घाणीच्या टाकीला कुंकू लावतेत व्हय?" तो शब्द मी विसरले नाही. त्या दिवशीही मी जनरेटरला पोटभर गॅस दिला, हेही विसरले नाही.

गेल्या वर्षी मात्र मनकर्णाबाई पदर खोचून माझ्यापुढे उभी राहिली. "समद्यांची पूजा होती, मग हिनंच काय पाप केलं? हीबी लक्ष्मीच हाय."

माझा फुगा आनंदाने तरारला.

आता हे दुधाचं घर. इथं पूजेआधी वस्तू लखलखीत झालीच पाहिजे, नाहीतर पूजा कसली? मनकर्णाबाईने माझी भिंत खराट्याने घासली. मग जिथून निवळी माझ्या पोटात उतरते ती कुंडी घासायला घेतली. ब्लीचिंग पावडर आणली, फिनेल आणलं, कॅन धुवायचं सोड्याचं उकळतं पाणी आणलं. एरवी हे सोड्याचं पाणी वेगळ्या नळीने बाहेर जातं, माझ्या वाटेला येत नाही. त्या दिवशी तिने बादल्यांवर बादल्या माझ्या कुंडीत ओतल्या. बाई प्रेमाने ओतत होती आणि मी प्रेमाने पीत होते.

मग हळद, कुंकू, हार, नारळ. मी जनरेटरकडे बघितलं. त्याचा हार माझ्या हारापेक्षा मोठा होता, पण माझा ताजा होता.

संध्याकाळपासून पोटात आग पडली. लेकरं तडफडत होती. हवासुद्धा न सोसणाऱ्या जीवांवर फिनेल आणि ब्लीचिंग पडलं होतं. जी उरली ती आंबट ओकू लागली, फेस वर आला, फुग्याला सुरकुत्या पडल्या. लेकरं आत मरत होती आणि बाहेर माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता. तो हार मला नकोसा झाला. पण मी तो काढणार कशी?

मला वाटलं, आता तरी जनरेटर बंद पडेल आणि सगळ्यांना माझी किंमत कळेल. कसलं काय. तो डिझेलवरही चालतो. तन्वीरने त्याला डिझेल पाजलं आणि तो धडधडत सुरू झाला. एक दिवस थांबला नाही. माझ्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं. एवढा हेवा मला त्याच्या हारांचाही कधी वाटला नव्हता.

काही दिवसांनी शेठ माझ्यापाशी आले. फुगा बघितला, वास घेतला आणि म्हणाले, "ही गेली. माती टाकून बुजवून टाकू. निवळी टँकरवाला उचलेल."

मनकर्णाबाई कॅन धुता धुता उठून आली. "शेठ, माझ्या हातनं झालं. पूजेच्या नादात म्या ब्लीचिंग वतली, फिनेलबी वतलं."

शेठनी कुंडीत वाकून बघितलं. मग एवढंच म्हणाले, "बाई, विरजणात कधी फिनेल टाकाल का तुम्ही?"

आयुष्यभर दुधात काम केलेली बाई, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "आई गं. हिची लेकरं मारली म्या." मग डोळे पुसून म्हणाली, "शेठ, माती नगा टाकू. म्या करते हिचं."

"दिवाळीपर्यंत बघा," शेठ म्हणाले. "नाही उठली तर बुजवायची."

मग माझं दुखणं काढायला सुरुवात झाली. निवळी बंद, कडक लंघन. नासलेलं पाणी निम्मं उपसून टँकरने नेलं. माणसाच्या पोटात आम्ल झालं की सोडा देतात, तसा पोत्याने खाण्याचा सोडा कालवून मला पाजला. मग त्याच गोठ्यातून ताजं शेण. मनकर्णाबाई कॅन धुवून झाले की शेण कालवायची, आणि तन्वीर बादल्या उचलायचा. त्याचे कपडे घाण व्हायचे, तो कुरकुरायचा. एकदा बाईने विचारलं, "तुझं तर डिझेलवर भागतंय, मग तू का रं राबतो?"

"भागता कुठं बाई? काला धुआँ मारता. इसको हिच्या गॅसची आदत है."

मी कान टवकारले. जनरेटरला माझी सवय आहे. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हे तन्वीरने सांगावं लागलं. त्या धडधड्याने स्वतःहून एकदा तरी म्हणायचं होतं.

मनकर्णाबाई रोज सकाळी माझ्या भिंतीला कान लावायची. "बुडबुडं येऊ दे गं बये," म्हणायची. दिवाळी जवळ आली, शेजारी मातीची गाडी येऊन रिकामी झाली, ढीग मला दिसत होता. मला मरायची भीती वाटत होती. मी गेले असते तर या बाईने ते आपल्या माथ्यावर घेऊन उरलेलं आयुष्य काढलं असतं, याचीही भीती वाटत होती.

वसुबारसेच्या सकाळी फुग्याची एक सुरकुती सुटली. गॅस तपासायला लांब ठेवलेल्या शेगडीवर तन्वीरने काडी लावली. विझली. दुसरी विझली. तिसरीला निळी ज्योत धरली आणि राहिली. बाई "पेटली बया" म्हणाली आणि तिथंच उभी राहून रडली. तो मातीचा ढीग शेठनी पुढच्या आवारातल्या खड्ड्यांत टाकायला सांगितला.

काल या वर्षीची खंडेनवमी झाली. धुण्याचं सगळं पाणी बाहेरच्या नळीला जोडलं होतं आणि माझा व्हॉल्व्ह मनकर्णाबाईने स्वतः आवळून बंद केला होता. सणाच्या दिवशी मी उपाशी. जनरेटरला हार, काट्याला हार, टेम्पोला हार. तन्वीरकडे एक हार उरला. तो चक्क माझ्याकडे घेऊन आला.

"लांब ऱ्हा," मनकर्णाबाई म्हणाली. "हिला कायबी लावायचं नाय."

"सूखा हार है बाई. क्या होता?"

"नाय म्हंजे नाय."

तन्वीरने तो हारही जनरेटरवर टाकला. आता त्याला दोन झाले. मला बाईचा इतका राग आला की काय सांगू. कोरड्या फुलांनी मला काय होणार होतं?

दुपारी सगळे पेढे घेऊन घरी गेले. मनकर्णाबाई गेली नाही. कुणी चुकून बादली ओतेल म्हणून ती माझ्या कुंडीपाशी बसून राहिली. माझ्या भिंतीला पाठ टेकवून तिने डबा उघडला, भाकरी खाल्ली, आणि मध्येच पाठीमागे हात नेऊन मला थोपटलं. ऊन कलेपर्यंत ती तशीच होती. पलीकडे शेडमध्ये जनरेटर दोन हार घालून धडधडत होता, आणि त्याच्याजवळ कुणी नव्हतं.

त्याने हे बघितलं असावं, अशी माझी समजूत आहे. बघितलं नसेल, तर तुम्ही तिकडून जाताना त्याला तेवढं सांगा.