फडक्याखालची पट्टी

मी एक जुना ॲल्युमिनियमचा डबा आहे, मित्रांनो. लगेच हात घालू नका, आत खाऊ नाही. माझ्या पोटात ऑपरेशनची हत्यारं असायची. कारखान्यात माझ्या झाकणाला बारीक भोकं पाडली, त्यांवर खास गाळणी बसवली आणि मी रुग्णालयाच्या तळघरात आलो.

माझी उमेदीची वर्षं तिथल्या ताईंच्या हातात गेली. त्या हत्यारं धुऊन, कोरडी करून माझ्यात मांडत आणि झाकणाला सील लावून मला मशीनमध्ये ठेवत. मशीन हवा ओढून घेई आणि औषधाची वाफ सोडी. वाफ भोकांतून आत शिरून जंतूंचा नायनाट करी. ती पोचली की आत ठेवलेली खुणेची लाल पट्टी पिवळी होई; तशीच एक पट्टी माझ्या बाहेरही असे. "ताईंचा डबा म्हणजे काळजी नको," असं डॉक्टर म्हणत आणि मला आकाश ठेंगणं वाटे.

एकदा गुडघ्याच्या आत पाहायची नाजूक दुर्बीण आली. तिला ओरखडा पडू नये म्हणून ताईंनी खाली-वर सुती फडकं घातलं. मायेनंच घातलं हो! पण सुती कापड ही वाफ पिऊन टाकतं. माझ्या बाहेरची पट्टी पिवळी झाली, आतली लालच राहिली. वर ऑपरेशनच्या खोलीत टपाल वाटणारे एक काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी टेबलावर होते. सिस्टरांनी घाईत झाकण उघडून दुर्बीण उचलली. पट्टी फडक्याखाली दडली होती. मला सगळं कळत होतं, पण डब्याला कुठली वाचा?

दुपारी मी धुवायला परत आलो. ताईंनी फडकं उचललं आणि खालची लाल पट्टी हातात घेतली.

"टाकून दे गुपचूप," सोबतीण म्हणाली. "कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना," ताई म्हणाल्या आणि पट्टी घेऊन जिना चढल्या.

तासाभरात काकांना औषधं सुरू झाली. तरी गुडघ्यात पू झालाच. पुढे पाय वाकेना आणि टपाल वाटण्याचं काम सुटलं. ताईंची बदली झाली. त्या सामान आवरत होत्या तेव्हा काका काठी टेकत तळघरात आले.

"उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही बोललात म्हणून राहिला."

"पण फडकं मीच घातलं होतं, काका."

ताई खाली मानेनं सामान आवरत राहिल्या.

आता मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, काळजी घेताना नीट विचारून घ्या, आणि चूक कळली की त्याच क्षणी सांगा. मला त्या दिवशी सांगता आलं नाही. ते अजून सलतं.