जयवंता उदाराम

“उदाराम मेश्राम म्हणजे तुझे पणजोबा ना? मग हे बघ.” मुख्याध्यापिका अरुंधतीबाईंनी रजिस्टर दीक्षाकडे सरकवलं. “मुलाचं नाव नाही. मुलीचं आहे.”

दीक्षा आजोबांचं नाव शोधायला आली होती. तिला तलाठ्याची नोकरी लागली होती, पण जात पडताळणीसाठी १९५० च्या आधीचा पुरावा हवा होता. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. इथे मात्र लिहिलं होतं: जयवंता उदाराम मेश्राम. प्रवेश १९४१, वय आठ. जातीचा रकानाही भरलेला. नाव कमी केलं १९४५. कारण: लग्न.

“पुढेही आहे,” बाई पानं उलटत म्हणाल्या.

जुलै १९४८. तेच नाव, वय पंधरा, इयत्ता चौथी. पालकाच्या सहीच्या रकान्यात मोठ्या, सुट्या अक्षरांत तिची स्वतःचीच सही होती.

“पंधराव्या वर्षी नऊ-दहा वर्षांच्या पोरींत बसली ही,” बाई म्हणाल्या.

घरी विचारल्यावर वडील, चंद्रभान, चपापले. “आबाची, तुह्या आजोबाची, मोठी बहीण. नवऱ्याले सोडून आली, तं तिच्या बापानं घरात तिचं नाव घेनं बंद केलं. आबानंही तेच चालवलं. धंतोलीत कोन्यातरी दवाखान्यात आया होती म्हने.”

“काहून सोडलं नवऱ्याले?”

“कोनी विचारलंच नाही, बेटा.”

जयवंताशी नातं दाखवायला वंशावळीचं शपथपत्र घरातल्या थोरल्यानं करायचं ठरलं होतं. थोरले म्हणजे मोठेबाबा, चंद्रभानचे भाऊ ताराचंद, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी शाळेतून आणलेल्या दाखल्याची प्रत दोनदा वाचली.

“नाव लिह. पण नवऱ्याचं लाव. सासरचं आडनाव मी सांगतो तुले. समाजात असं बरं नाही दिसत.”

“तिनं लावलं होतं का ते?”

“लग्न झालं होतं वं तिचं.”

“तिनं लावलं होतं का, ते पाहून येते मी.”

त्यात चार दिवस गेले. दाखल्यावर पत्ता इंदोरा वस्तीचा होता. तिथल्या १९७१ च्या मतदार यादीत जयवंता सापडली. वडील किंवा पतीच्या रकान्यात ‘उदाराम’. धंतोलीतल्या तिसऱ्या दवाखान्यात जुनी हजेरीपुस्तकं निघाली. आया, जयवंता मेश्राम. एकोणतीस वर्षं, आणि दर चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, रजा. मृत्यूची नोंद १९९९ ची. पतीचं नाव: रेघ. माहिती देणाऱ्याचं नातं: शेजारी.

दीक्षानं सगळ्या प्रती मोठेबाबांच्या पलंगावर ओळीनं मांडल्या.

“एकावन्न वर्षं, मोठेबाबा. तिनं ते नाव कुठंच लावलं नाही. मीही लावत नाही.”

“मंग माही सही नाही.”

“नका करू. गेली तं गेली नोकरी. तिच्या पुराव्यावर नोकरी घ्याची आन् तिचंच नाव बदलाचं, हे माह्याच्यानं होत नाही.” ती कागद गोळा करू लागली.

“थांब.” मोठेबाबांनी हजेरीपुस्तकाचं पान धरून ठेवलं होतं.

“माह्या लग्नात आली होती ती,” मग ते म्हणाले. “मांडवाच्या बाहेर उभी होती, हातात पिशवी घेऊन. कोन हाये ते मले समजलं होतं. नवरदेव होतो मी. ‘ये, बस’ म्हटलं असतं, तं आबाही काही बोलला नसता.”

“मग?”

“म्हटलंच नाही.”

दीक्षानं गोळा केलेले कागद पुन्हा पलंगावर ठेवले.

मोठेबाबांनी वंशावळीचा कच्चा कागद मागितला. त्यावर उदारामच्या नावाखाली एकच रेघ होती, आणि त्या रेघेखाली आबांचं नाव.

“हिचं नाव आबाच्या आधी पायजे,” ते म्हणाले. “मोठी होती ती.”

डावीकडे जागा नव्हती. मोठेबाबांनी चष्मा लावला, आपल्या बापाचं नाव खोडलं, उजवीकडे सरकवून पुन्हा लिहिलं, आणि मोकळ्या झालेल्या जागी आत्याचं पूर्ण नाव, जयवंता उदाराम मेश्राम, लिहून त्याखाली सही केली.