हद्दीच्या दगडाबाहेर

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात किशोरी फोंडाघाटच्या रस्त्यावर पोचली, तर महिन्याभरापूर्वी लावलेली धायटी, करवंदं, पिटकुळी अशी सगळी झुडपं पिवळी पडली होती. तणनाशकाचा उग्र वास अजून येत होता. आणि हे फक्त सत्यवानच्या काजूबागेसमोर. पुढची रोपं तरारलेली.

किशोरी आरोंद्याची. रुंद केलेल्या रस्त्याच्या कडेला इथलीच झुडपं लावायची, मधमाश्यांना वर्षभर फूल मिळेल असा क्रम लावायचा, हे काम तिला ठेक्याने मिळालं होतं. याच रुंदीकरणात सत्यवानची काजूची जुनी झाडं गेली होती.

ती थेट त्याच्या घरासमोरच्या खळ्यात गेली.

"काका, औषध कोणी मारलां?"

"मी मारलंय. काय करतलंस?"

"अहो, ह्या फुलांवर सातेरी मधमाश्यो येतत. त्योच तुमच्या काजूच्या मोहोरावर—"

"तू माका काजू शिकवतलंस? आधी झाडां तोडलात, आता झुडपां लावन जागा खातात. चल, दाखवतंय."

त्याने कुदळ घेतली. रस्त्याच्या भरावाखाली गुडघाभर खणलं, तेव्हा काळा दगड लागला.

"माझ्या आज्यान पुरलेलो. तुझी झुडपां खंय आसत ता बघ."

किशोरीने टेप लावली. मेलेली रोपं दगडाच्या सहा फूट आत होती, त्याच्या जमिनीत. तिने अभियंत्याचा नकाशा जसाच्या तसा वापरला होता. हद्द एकदाही विचारली नव्हती. तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ती दगडाचे फोटो घेऊन कार्यालयात गेली. अभियंता ओंकारने ते नीट पाहिलेही नाहीत.

"मॅडम, तुम्हाला झाडं लावायला घेतलंय, मोजणी करायला नाही. त्याच रेषेत परत लावा."

"हद्द ठरेपर्यंत मी तिथे खड्डा काढणार नाही. तसं लेखी देते."

"द्या. पण मग पुढचं काम विसरा."

तिने अर्ज लिहिला, सही केली, पोच घेतली.

सप्टेंबरात मोजणी झाली. दगड बरोबर निघाला, लागवडीची रेषा दगडाबाहेर सरकली. ओंकारने शब्द खरा केला: एवढा टप्पा संपवा आणि मोकळ्या व्हा. पुढच्या तीन किलोमीटरवर शोभेची बोगनवेल लागणार होती. त्यातून मधमाश्यांना काय मिळणार, हे विचारायलाही तिला कोणी समोर बसू दिलं नाही.

उरलेली रोपं घेऊन ती एकटीच आली. दगड आणि गटार यांच्यामध्ये जेमतेम चार फूट पट्टा. धायटी सोडून द्यावी लागली, ती पसरते. सत्यवान कोयता घेऊन दगडाजवळ उभा राहिला. तिच्यामुळे मोजणी झाली हे त्याला ठाऊक होतं. तरी तो प्रत्येक खड्डा निरखत होता.

चौथ्या खड्ड्याला तो ओरडला, "हो खड्डो आतमदी इलो. भायर घे."

टेप लावली असती तर तो बाहेरच निघाला असता. तरी तिने तो बुजवला आणि वीतभर पलीकडे खणला.

शेवटच्या पिटकुळीला माती लोटून ती उठली. हात लाल झाले होते.

"परत येव नको," तो म्हणाला.

"दिवाळीनंतर बघूक येवचा लागतला. जगली काय मेली ता."

सत्यवान कोयता खांद्यावर टाकून वळला.

"येतलंस तर लांबसून हाक मार. कुत्रो सुटो असता."